दीक्षाचं वजन

आमच्या गाडीत डॉक्टर पुढे बसायचे, मागे मी आणि आमचे औषधनिर्माते तांडेल, आणि दोघांच्या मध्ये वजनकाटा. गाडी खड्ड्यात आदळली की काटा बिघडतो, म्हणून मी त्याच्यावर हात ठेवून बसायचे. नालासोपारा ते विरार, पूर्वेकडच्या शाळा, पश्चिमेकडच्या शाळा, अधूनमधून कळंबसारखं किनाऱ्यावरचं गाव. नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी करण्यात घालवली. पदाने परिचारिका. मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या तोंडी फक्त ‘सिस्टर’.

हे काम बाहेरच्याला सोपं वाटतं, आणि खरं तर ते सोपंच आहे. वर्गातली मुलं रांगेत येतात. उंची, वजन, डोळे, दात, त्वचा, नखं. डॉक्टर छातीला नळी लावतात. काही वावगं दिसलं तर मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी द्यायची, बाकी सगळं कार्डावर लिहायचं. एका दिवसात दीडशे मुलं झाली तर दिवस चांगला गेला म्हणायचा. मी काट्याजवळ उभी राहून आकडा वाचायचे आणि तांडेल टेबलाशी बसून लिहायचे. शाळेच्या गोंगाटात त्यांना ऐकू जावं म्हणून मला मोठ्याने ओरडावं लागे. माझा आवाज खणखणीत आहे. त्याचा मला अभिमान होता.

सुरुवातीला आम्ही बारीक मुलं शोधायचो. शिकवलं होतं तेच. हाडं किती दिसतात, केस भुरकट आहेत का, पापणीच्या आत रंग फिका आहे का. कळंबच्या शाळेत एकदा एका मुलीचं वजन एकदम चांगलं भरलं. मला शंका आली म्हणून खिसे तपासले, तर दोन्ही खिशांत ओली वाळू. वजन कमी भरलं की सुई टोचतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तांडेल अर्नाळ्याचे, कोळ्यांचे. ते हसून म्हणाले, “सिस्टर, पोरगी हुशार हाय. पानी निथळतंय, पन वजन भरलं ना!”

पुढे हळूहळू काट्यावरची मुलं श्वास रोखून उभी राहायला लागली. श्वास रोखला की वजन कमी भरतं, असा त्यांचा समज. बारीक मुलं होतीच, आजही आहेत. पण त्याच रांगेत, त्याच वस्तीतली, तेवढ्याच छोट्या खोलीत राहणारी जाड मुलंही दिसायला लागली. त्यांचं काय करायचं ते आम्हाला नीटसं माहीत नव्हतं. बारीक मुलाला देण्यासारखं माझ्या पेटीत काहीतरी होतं, जंताची गोळी, लोहाची गोळी. जाड मुलासाठी पेटीत काही नव्हतं. कार्डावर शेऱ्याची जागा होती. तिथे मी लिहायचे, ‘आहाराबाबत सल्ला दिला.’ हे तीन शब्द मी किती हजार वेळा लिहिले असतील देव जाणे.

दीक्षा मला पहिल्यांदा दिसली ती चंदनसारच्या एका शाळेत, दुसरीत असताना. गोल चेहरा, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. काट्यावर चढताना तिने आधी चप्पल काढून नीट बाजूला लावली, मग माझ्याकडे बघून हसली. मी आकडा पाहिला आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, “छत्तीस!”

रांगेत हशा पिकला. तिच्या पुढची मुलगी सतरा किलोची होती, मागची एकोणीस. तांडेलांनी मान वर करून विचारलं, “किती?” मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा ओरडले, “छत्तीस!”

दीक्षा खाली उतरली. चप्पल हातात घेऊन वर्गात गेली.

मला त्या दिवशी यात काही वावगं वाटलं नाही. आकडा वाचणं माझं कामच होतं. पुढच्या वर्षी त्याच शाळेत गेले तेव्हा तिसरीच्या रांगेत कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, “ए छत्तीस, सरक ना पुढे.” ती सरकली. एक वर्ष झालं होतं. मी तिला ओळखलं, पण ते नाव कुठून आलं हे माझ्या डोक्यात यायला क्षणभर वेळ लागला. आलं तेव्हा मी आकडा हळू वाचला. आता सेहेचाळीस होतं. हळू वाचून आता काय उपयोग होता?

त्या वेळी तिची मान मी पाहिली. वेण्यांच्या खाली, मानेच्या मागे काळसर जाड पट्टा. हात लावला तर मखमलीसारखा लागतो. बोटांच्या पेरांवर आणि काखेतही दिसतो. शरीरात साखर नीट वापरली जात नाही, पुढे मधुमेह होऊ शकतो, याची ती खूण असते. दीक्षाच्या मानेवर त्या पट्ट्यासोबत खरचटल्याच्या रेषाही होत्या. मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि आईला बोलवायला सांगितलं.

आई दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून आली. सुवर्णा तिचं नाव. वसई पूर्वेला एका गाळ्यात पॅकिंगचं काम करायची. नवरा टेम्पो चालवायचा. दोघंही पाटणकडचे, इथे भाड्याच्या एका खोलीत. ती आल्या आल्या माझी माफीच मागायला लागली. “सिस्टर, मी रोज घासते हो तिची मान. लिंबू लावलं, बेसन लावलं, शेवटी पाय घासायची वजरी घेतली. कातडं निघालं, पण मळ काही निघत नाही. माझी पोरगी घाणेरडी नाही.”

मी तिला सांगितलं, हा मळ नाही. हे आतून आलंय, घासून जाणार नाही. तिला काही क्षण समजलंच नाही. मग तिने मुलीच्या मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “म्हणजे मी उगाच रडवलं तिला रोज.”

मग मी माझा सल्ला सुरू केला. गोड कमी, तळलेलं कमी, पाकिटातलं बंद, रोज तासभर मैदानी खेळ. सुवर्णाने सगळं ऐकून घेतलं. नंतर तिने मला एकेक गोष्ट विचारली.

“सिस्टर, मी पावणेसातला घर सोडते. ही साडेबाराला शाळेतून येते. शेजारच्या काकू कुलूप उघडून देतात, ही आतून कडी लावते. मी येईपर्यंत साडेसात. मधे ती भूक लागली की काय खाणार? गॅस लावायचा नाही असं मीच बजावलंय. म्हणून पाकिटं ठेवते. खेळायला सोडू कुठे? खाली पार्किंग आहे, समोर रस्त्यावर डंपर. मागच्या मोकळ्या जागेवर आता नवी बिल्डिंग उभी राहतेय. दार लावून मोबाइल बघत बसते तेवढा वेळ ती सुरक्षित आहे, एवढं मला माहीत असतं.”

मी वाडीवाल्यांच्या घरातली. केळीच्या बागेत, विहिरीच्या काठाने पळत मोठी झाले. घरी परत या म्हणून आम्हाला हाका मारायला लागायच्या. ज्या मुलीला दिवसाचे सात तास कडी लावून बसावं लागतं, तिला मी मैदानी खेळ सांगत होते. मी कार्डावर लिहिलं, ‘आहाराबाबत सल्ला दिला.’ चिठ्ठी सुवर्णाच्या हातात दिली. ती एकदा मोठ्या दवाखान्यात गेलीही. रांगेत तिचा नंबर लागेपर्यंत रक्त घ्यायची वेळ संपली होती. उपाशीपोटी पुन्हा या, असं सांगितलं. पुन्हा खाडा करणं तिला जमलं नाही, आणि नंतर कोरोना आला.

ती दोन वर्षं शाळा बंद, तपासणी बंद. आम्हा सगळ्यांना दुसऱ्या कामांना लावलं होतं. दीक्षा त्या खोलीत राहिली. आता अभ्याससुद्धा मोबाइलवरच होता.

शाळा सुरू झाल्यावर सहावीच्या तपासणीला ती गैरहजर. सातवीलाही गैरहजर. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “एरवी रोज येते हो. तुम्ही येणार असं आदल्या दिवशी सांगितलं की नेमकं तिचं पोट दुखतं.” तांडेल गाडीत म्हणाले, “सिस्टर, मनाला लावून घेऊ नका. आपन मोजतो, बास. मोजल्याने कोनी बारीक होत नाय.” मी त्यांच्यावर चिडले. पण खोटं काय होतं त्यात?

माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते तेव्हा आठवीच्या रांगेत दीक्षा उभी होती. मी ओळखलंच नाही. उंच झालेली, गालाची हाडं दिसत होती, गणवेश ढगळ. आपणहून पुढे आली, चपला काढल्या, काट्यावर चढली आणि श्वास न रोखता सरळ उभी राहिली. अठ्ठावन्न. वर्गशिक्षिका कौतुकाने म्हणाल्या, “दिवाळीच्या आधी आमच्या पीटीच्या सरांनी केलं तेव्हा एकाहत्तर होतं. बघा, मनावर घेतलं की होतं.”

मला काय आनंद झाला, सांगू! इतक्या वर्षांत एक तरी पोरगी सुधारलेली दिसली. मी तिच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास! काय केलंस गं?”

“काही नाही, सिस्टर,” ती लाजून म्हणाली. “आपोआपच झालं.”

“पाणी पितेस ना भरपूर?”

“खूप. तीन-तीन बाटल्या संपतात.”

शिक्षिका हसत म्हणाल्या, “म्हणूनच तासाला दोनदा बाहेर जाते. मी ओरडते तिला.”

आम्ही तिघीही हसलो. मी कार्डावर लिहिलं, ‘वजनात घट. प्रगती समाधानकारक.’ नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही सांगेल की खूप तहान, सारखी लघवी आणि कारण नसताना उतरलेलं वजन, ही तिन्ही एकत्र आली की काय समजायचं. मी स्वतः नव्या मुलींना ते शिकवलं होतं. रक्तातली साखर बघायचं यंत्र आमच्या पेटीत नसायचं, पण चिठ्ठी होती, पेन होतं, आणि समोर मुलगी होती. मी तिची मानसुद्धा पाहिली नाही. चांगली बातमी मला इतकी हवी होती.

तीन आठवड्यांनी वर्गशिक्षिकेचा फोन आला. दीक्षाला उलट्या सुरू झाल्या, पित्त झालं असेल म्हणून घरी एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी तिला जोराची धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं. रुग्णालयात साखर तपासली तर यंत्रावर आकडाच येईना, यंत्राच्या मोजण्यापलीकडे गेली होती. चार दिवस अतिदक्षता विभागात होती.

पाचव्या दिवशी मी गेले. दीक्षा झोपली होती. सुवर्णा स्टुलावर बसली होती, मांडीवर फाइल. त्या फाइलमध्ये तिने शाळेचं कार्डही आणलं होतं. काय लागेल, काय नाही, म्हणून घरातले सगळे कागद आणले होते. तिने ते उघडून माझ्यापुढे धरलं.

“सिस्टर, हे तुमचं अक्षर ना?”

“हो.”

“डॉक्टर म्हणतात, वजन उतरलं ते साखरेमुळे. अंग आतून वितळत होतं म्हणे.”

“हो, सुवर्णा.”

“मग तुम्ही चांगलं का लिहिलंत?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती पुढे म्हणाली, “मी पेढे वाटले होते गाळ्यात. पोरगी बारीक झाली म्हणून.”

माझ्याकडून चूक झाली, एवढंच मी म्हणू शकले. ती म्हणाली, “आमच्या पण लक्षात नाही आलं.” आणि तिने मला पाण्याची बाटली दिली. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दीक्षा घरी आली ती इन्सुलिनची इंजेक्शनं घेऊन. सकाळ-संध्याकाळ, पोटावर किंवा मांडीवर. तिला ते टोचायला मी शिकवलं. निवृत्त झाल्यावर मी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तिच्याकडे जायला लागले. तिची वही तपासायचे. रोजची साखर आणि टोचल्याच्या वेळा ती सुबक अक्षरात लिहायची आणि आकडे छान असायचे. पण सुमारे दीड महिन्याने तिच्या डोळ्यांखाली पुन्हा खड्डे दिसायला लागले, ओठ सुकलेले. मी शीतपेटीतली इन्सुलिनची बाटली पाहिली. वहीप्रमाणे ती बरीच आधी संपायला हवी होती. निम्मी शिल्लक होती.

सुवर्णा अजून कामावरून आली नव्हती. मी दीक्षाला समोर बसवलं. “खरं सांग. टोचतेस का?”

तिने वही बाजूला सरकवली. मग म्हणाली, “संध्याकाळचं टोचते. आई समोर असते.”

“आणि सकाळचं?”

“बेसिनमध्ये सोडते.”

“का गं?”

“टोचलं की वजन वाढतं. दवाखान्यातून आल्यापासून सहा किलो वाढलं.”

“अगं, ते तुझं अंग भरून येतंय. ते बरं होणं आहे.”

ती पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलली. “तुम्हाला काय माहीत, सिस्टर? दुसरीपासून मला सगळे छत्तीस म्हणतात. बाई पण एकदा चुकून म्हणाल्या. ते तीन-चार महिने कुणीच म्हटलं नाही. मुली माझ्याबरोबर डबा खायला लागल्या. तुम्ही पण पाठीवर थाप मारली. मी जाड असताना कधी मारली होती?”

ती वाट बघत होती. ते नाव कुणाच्या तोंडून पहिल्यांदा आलं, हे तिला आठवत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी तिला सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

इन्सुलिन बेसिनमध्ये सोडल्याचं मात्र मला तिच्या आईला सांगावंच लागलं. आईला सांगू नका म्हणून ती माझ्या पाया पडली, तरी सांगितलं. त्यात जिवाला धोका होता, मला गप्प बसणं शक्यच नव्हतं. सुवर्णाने तिला मारलं नाही. ती जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःचंच कपाळ बडवायला लागली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी साडेसहाला मुलीला उठवून समोर टोचायला लावायची आणि मगच निघायची. दीक्षा टोचायची. पण त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी गेले की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी खुर्चीवर बसायचे, वही पाहायचे, निघून यायचे. शाळा तर तिने दवाखान्यातून आल्यावर सोडलीच होती. वर्गात सगळ्यांदेखत टोचून घ्यायला ती तयार नव्हती, आणि नकार मिळेल म्हणून वेगळी जागा मागायची सुवर्णाला भीती वाटली. मी मुख्याध्यापकांना भेटले, त्यांनी ऑफिसशेजारची खोली देऊ केली. दीक्षा नाही म्हणाली.

चार महिने असे गेले. एके दिवशी सुवर्णाने मला दारातच सांगितलं, “सिस्टर, हिला गावाला पाठवतोय, मोठ्या नणंदेकडे. हे म्हणतात, इथे सगळ्या बिल्डिंगला कळलंय. पुढे लग्नाला अडचण येईल. तिकडे कुणाला माहीत नाही.”

“आणि इंजेक्शन?”

“नणंद म्हणते, गावात एक वैद्य आहेत, ते काढा देतात.”

मी खूप समजावलं. काढ्याने हे भागत नाही, इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जीव जाईल, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. तिच्या नवऱ्याला फोन लावला. तो सभ्यपणे ऐकून घेत “हो मॅडम, हो मॅडम” म्हणत राहिला. तीन महिन्यांच्या बाटल्या, सुया, कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या वेळा, तालुक्याच्या दवाखान्याचा पत्ता, सगळं मी बांधून दिलं. बाटल्या थंड कशा ठेवायच्या, माठात की आणखी कुठे, तेही लिहिलं. दीक्षा बॅग भरत होती. मी तिच्या जवळ गेले आणि म्हणाले, “दीक्षा, पहिल्यांदा तो आकडा मीच ओरडले होते.”

तिने घड्या घालायच्या थांबवल्या नाहीत. “माहीत आहे,” म्हणाली.

एवढंच बोलली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

पहिला महिना सुवर्णा फोनवर सांगायची, बरी आहे, टोचते. मग फोन उचलणं कमी झालं. मग नंबर बंद लागायला लागला. चंदनसारच्या खोलीवर गेले तर दुसरंच कुटुंब राहायला आलेलं. भाड्याची मुदत संपली तशी ती माणसं निघून गेली. कुठे, ते शेजारच्या काकूंनाही माहीत नव्हतं. गाळ्यात चौकशी केली, तिथेही सुवर्णाने काम सोडलं होतं.

मला गावाचं नाव तेवढं ठाऊक होतं. जुन्या ओळखीने मी त्या तालुक्यातल्या तपासणी पथकाच्या सिस्टरचा नंबर मिळवला. तिला सगळं सांगितलं. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, वय. बाई मनापासून ऐकत होती. म्हणाली, “ताई, मी आमच्या सगळ्या शाळांच्या याद्या काढते.” तीन दिवसांनी तिचा फोन आला. आवाजावरूनच मला कळलं.

“ताई, या नावाची मुलगी आमच्या एकाही शाळेच्या पटावर नाही. आणि जे मूल पटावर नाही, ते आमच्या रांगेत येत नाही. तुम्हाला तर माहीतच आहे.”